शेताला चुना लावणारा आमदार: एडमंड रफिन

जांभादगड

गेल्या महिन्यात आमच्या कोकणातल्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीचा माती परीक्षणाचा रिपोर्ट आला. सामू (pH, मातीच्या आंबटपणाचं माप) 5.1. सल्ला मिळाला, "चुना टाका." कसला, किती, कधी असं विचारलं तर "बघा अंदाजाने". रात्री नेटवर शोधायला बसलो आणि चुना राहिला बाजूला, एक माणूसच हाती लागला.

एडमंड रफिन. जन्म 5 जानेवारी 1794, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या प्रिन्स जॉर्ज काउंटीत. आई लहानपणीच गेली, वडील 1810 मध्ये. विल्यमसबर्गच्या कॉलेजात मन रमलं नाही. 1812 च्या युद्धात सहाएक महिने शिपाईगिरी केली, पण लढायची वेळ आली नाही. मग 19 व्या वर्षी लग्न करून जेम्स नदीकाठच्या कॉगिन्स पॉइंट या वडिलोपार्जित शेतीवर येऊन बसला.

जमीन कशी, तर चिपाड. पिढ्यान् पिढ्या तंबाखू आणि मका घेऊन कस पार गेलेला. आजूबाजूचे लोक वाडवडिलांची जमीन टाकून पश्चिमेकडे निघाले होते. यानेही तो विचार केला होता. त्या काळचा मोठा शेतीपंडित म्हणजे जॉन टेलर. त्याच्या सांगण्याप्रमाणे गुरं आत येऊ दिली नाहीत, पालापाचोळा जमिनीत गाडला. काही वर्षं केलं, फरक शून्य.

मग हम्फ्री डेव्हीचं शेती-रसायनशास्त्राचं पुस्तक हाताला लागलं. आंबट जमीन चुन्याने सुधारते असा त्यात एक उल्लेख होता. रफिनने आपल्या शेतातली माती घेऊन त्यात आम्ल ओतून पाहायला सुरुवात केली. चुना असेल तर माती फसफसते. नापीक तुकड्यांतली माती ढिम्म. त्याच तुकड्यांत आंबट चुक्याच्या जातीचं तण आणि पाइनची झाडं मात्र जोरात. त्यावरून त्याने ताडलं की या मातीत आम्ल आहे, आणि ते मारल्याशिवाय शेणखत घालणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी. सामू ही कल्पना 1909 ची. हा गडी त्याच्या 90 वर्षं आधीचा!

औषध त्याच्याच शेतात पुरलेलं होतं. मार्ल, म्हणजे जुन्या समुद्राच्या शिंपल्यांचा चुरा असलेली माती. फेब्रुवारी 1818 मध्ये ती खणून एका तुकड्यावर पसरली. त्या साली तिथला मका सुमारे 40 टक्के जास्त आला. 1821 मध्ये त्यावर लेख, 1832 मध्ये पुस्तक. मधल्या काळात, 1823 ते 1826, राज्याच्या सिनेटमध्ये. आपल्या हिशेबाने विधान परिषदेचा आमदारच म्हणा. मुदत पुरी व्हायच्या आतच राजीनामा दिला. भाषण जमत नसे आणि लोकांची मनधरणी त्याहून जमत नसे.

पुढे बरंच राजकारण आहे, ते मला नको. माझे प्रश्न दोनच. कोकणात कोणी चुना टाकून पाहिलाय का? आणि खर्च किती येतो? रफिनला बरं होतं, गडी घरचेच. आम्हाला दोन माणसं मिळवायची तर आठवडाभर फोन करावे लागतात.

पानसुपारी

आमदाराने चुना लावला आणि जमिनीचा फायदा झाला, अशी जगातली ही एकमेव घटना असावी.

कात_टाकलेला

+1. आमच्याकडे उलटं. फायदा त्यांचा, चुना आम्हाला.

बाभूळबन

तुमचं कोकणातलं कोकणात ठेवा भाऊ. इकडं चुनखड अशी हाये का विहीर खणली तं पांढरीच लागते. इथं कोणी हा धागा वाचून चुना टाकला तं संत्र्याची पानं पिवळी पडून बसतीन. शीर्षकात "फक्त कोकणासाठी" लिहा.

मृद्गंध

बाभूळबन यांचा मुद्दा चेष्टेवारी नेऊ नका. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही, पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे चुना म्हणजे आगीत तेल.

जांभ्याच्या जमिनीचं गणित वेगळं. पावसाने चुना आणि इतर क्षार धुऊन जातात, मागे लोह आणि अॅल्युमिनियम उरतं. व्हर्जिनियाच्या किनारपट्टीची माती जांभा नव्हे, पण तीही पावसाने क्षार धुऊन जाऊन आंबट झालेली, म्हणून उपाय लागू पडतो.

जांभादगड, पीक कोणतं ते आधी सांगा. भाताचं खाचर असेल तर घाई करू नका. पाणी साठलं की आंबट मातीचा सामू काही आठवड्यांत आपोआप वर सरकतो. वरकसावर भुईमूग घेणार असाल तर मात्र चुन्याचा दुहेरी फायदा, कारण शेंग भरायला कॅल्शियम लागतंच.

रिचमंडकर

मी या माणसाच्या गावापासून तासाभरावर राहतो, म्हणून दोन शब्द.

तो शिंपल्यांचा थर आजही दिसतो. जेम्स आणि यॉर्क नद्यांच्या काठी दरड कोसळली की हाताएवढ्या शिंपल्या पायाशी येतात. त्यातली चेसापेक्टेन जेफरसोनियस ही व्हर्जिनियाची अधिकृत राज्य-जीवाश्म आहे. पोरांना घेऊन गेलो की पिशव्या भरून परततो.

पण जांभादगड, "गडी घरचेच" हे वाचून घास अडकला. ते गडी नव्हते हो. गुलाम होते. विकत घेतलेले, वारशात आलेले. मार्ल म्हणजे ओली, जड माती. खड्ड्यात उतरून खणायची, खड्डा पाण्याने भरला तर उपसायची, गाडीत भरायची, शेतावर नेऊन पसरायची. वर्षानुवर्षं, शेकडो एकर. रफिनने स्वतः फावडं किती मारलं असेल ते सोडा, त्याचा हिशेब मात्र चोख. तुम्हाला खर्च हवा आहे ना? त्याने मार्लिंगच्या खर्चाचं वेगळं टिपण केलं आहे. त्यात माणसाचा वर्षाचा खर्च आणि जनावराचा वर्षाचा खर्च एकाच रीतीने मांडलेला आहे. खाणं, कपडे, दाणावैरण. ते सगळं दिवसांवर भागायचं आणि गाडीमागे इतका खर्च म्हणून लिहायचं. आकडे बघून आधी कौतुक वाटतं, मग आपण काय वाचतोय ते ध्यानात येतं.

जांभादगड

@रिचमंडकर, मला गुलामगिरीबद्दल माहीत होतं, पण लिहिताना ते वाक्य सहज गेलं. आमच्याकडे बोलतात तसं. चूक.

सडेतोड

आता माफी कशाला? दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या चष्म्यातून बघायचं नसतं. तिथले सगळेच जमीनदार गुलाम बाळगत होते. शोध शोध असतो. आधी चुन्याचं बोला.

ओसरी

@सडेतोड, आजचा चष्मा कशाला हवा? त्याच काळातला, आपल्याच मातीतला चष्मा आहे की. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं, ते अर्पण कोणाला केलंय? अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं त्यांना. पुण्यात बसलेल्या माणसाला तेव्हा दिसत होतं, आणि रफिनच्या तर अंगणात होतं. शिवाय व्हर्जिनियातच त्याच्या हयातीत लोक या प्रश्नावर भांडत होते. 1831 मध्ये नॅट टर्नर या गुलामाचं बंड झालं, पुढच्याच हिवाळ्यात गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवावी का यावर तिथल्या विधानसभेत खडाजंगी झाली. "तेव्हा कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं" असं म्हणायची सोय नाही.

आणि धागाकर्त्याने "पुढे बरंच राजकारण आहे" म्हणून जे सोडलं, तेच खरं प्रकरण. रिचमंडकर, लिहा पुढचं.

पानसुपारी

मी चकली आणि चहा घेऊन बसलोय.

रिचमंडकर

लिहितो, मोठं होईल.

1833 मध्ये त्याने 'फार्मर्स रजिस्टर' नावाचं मासिक काढलं, संपादक स्वतः. दहा वर्षं चाललं आणि दक्षिणेत त्याला तोड नव्हती. बुडालं कसं? शेतीच्या मासिकात बँकांना शिव्या घालायला लागला. कागदी नोटा काढून बँका लोकांना लुबाडतात, हे त्याचं दुसरं वेड. वर्गणीदारांनी खताची माहिती मिळावी म्हणून पैसे भरले होते, ते गळाले. 1842 ला बंद.

1843 मध्ये साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नरने राज्याची कृषी पाहणी करायला बोलावलं. त्या वर्षभरात नदीनाले तुडवत मार्लचे साठे शोधले. परत येऊन हॅनोव्हर काउंटीत पामंकी नदीकाठी नवी शेती घेतली, नाव ठेवलं मार्लबोर्न. आवड बघा! तिथेही पडीक जमीन हिरवी करून दाखवली.

एक गोष्ट मला फार आवडते. तेव्हा व्हर्जिनियात गुरं मोकाट आणि पिकाला कुंपण, असा कायदा होता. रफिन वर्षानुवर्षं ओरडत राहिला की कुंपण गुरांना घाला. कुंपणाच्या लाकडासाठी जंगलं संपताहेत, शेतकऱ्याचा निम्मा जीव त्यातच जातोय.

जांभादगड

हे आमच्या ग्रामसभेत नेऊन वाचायला हवं. उनाड गुरांनी कुळीथ ठेवला नाही यंदा.

आबोली

आमच्याकडे आता वानर पण. त्यांना कुठलं कुंपण घालणार तुमचा आमदार?

रिचमंडकर

(पुढे चालू.) 60 च्या पुढे शेती मुलांच्या हवाली केली आणि पूर्ण वेळ एकच ध्यास: दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या राज्यांनी अमेरिकेतून फुटून निघावं. गुलामगिरी वाचवायची तर दुसरा मार्ग नाही, हे त्याचं मत. पत्रकं, लेख, अधिवेशनं. खांद्यावर रुळणारे पांढरे केस आणि उत्तरेच्या गिरण्यांचा निषेध म्हणून अंगात व्हर्जिनियाचं जाडंभरडं कापड.

कात_टाकलेला

थांबा. म्हणजे स्वदेशी?

ओसरी

कापड स्वदेशी, माणसं पारतंत्र्यात. जाऊ दे, पुढे.

रिचमंडकर

1859 मध्ये गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउनने गुलामांना शस्त्रं देऊन उठाव करायला म्हणून हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर छापा घातला. पकडला गेला, 2 डिसेंबरला फाशी. ती डोळ्यांनी बघायची म्हणून 65 वर्षांचा रफिन लष्करी शाळेच्या पोरांमध्ये एका दिवसापुरता कॅडेट होऊन उभा राहिला. ब्राउनने आणलेले भाले मिळवले आणि गुलामगिरी असलेल्या राज्यांच्या गव्हर्नरांना एकेक धाडला. वर चिठ्ठी: उत्तरेकडच्या बांधवांनी आपल्यासाठी योजलेल्या कृपेचा नमुना.

12 एप्रिल 1861, पहाटे, चार्ल्सटन बंदर. उत्तरेच्या ताब्यातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या तेव्हा मॉरिस बेटावरच्या लोखंडी तोफमोर्च्यातला पहिला गोळा म्हाताऱ्या रफिनने डागला. यादवी युद्धाची पहिली गोळी त्याची, असं पुष्कळ ठिकाणी वाचाल. ते तितकं खरं नाही, इशाऱ्याचा तोफगोळा आधीच फोर्ट जॉन्सनवरून उडाला होता. पण मान त्याला मिळाला आणि त्याने तो मिरवला.

पुढचं थोडक्यात. 1862 मध्ये उत्तरेचं सैन्य जवळ आलं, तशी त्याच्या कुटुंबाच्या शेतांवरची गुलाम माणसं निघून गेली. शिपायांनी घरं लुटली. 1864 मध्ये एक मुलगा लढाईत गेला. जून 1865 मध्ये, दक्षिण हरल्यावर, डायरीत शेवटच्या ओळी लिहून त्याने स्वतःचा शेवट केला. त्या ओळींतही पश्चात्ताप नाही, उत्तरेच्या लोकांबद्दलचा द्वेष ठासून भरलेला.

मला कायम अडकवून ठेवतं ते 1862. त्याची आयुष्यभराची समजूत अशी की आपली माणसं आपल्याकडे सुखात आहेत, शेताची कामंसुद्धा त्यांच्या भरवशावर सोडता येतात. वाट मोकळी दिसली आणि ती माणसं चालती झाली. मातीत काय आहे ते आम्ल ओतून बघणारा माणूस, इथे मात्र इतकी वर्षं न तपासता लिहीत राहिला.

सडेतोड

बरं, हे मला ठाऊक नव्हतं. बाळगत होता एवढंच वाटलं होतं, हा तर प्रचारकच. चष्म्याचं वाक्य मागे. शोधाचं वाक्य मागे घेत नाही.

मृद्गंध

घेऊ पण नका. मातीचं आम्ल ओळखून त्यावर शेतात मोजून प्रयोग करणाऱ्यांत तो फार वरचा आहे. पण तेवढंच सांगून थांबणारे लेख मी विद्यार्थी असताना वाचले. 1818 चा मका त्यांत होता, खड्ड्यात उतरणारी माणसं नव्हती.

वऱ्हाडकर_१८६१

माझ्या आयडीवरून कळलंच असेल कुठे नेतोय धागा.

सम्टरवर तोफा उडाल्या आणि भाव वाढला आमच्या कापसाचा. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरात. मुंबईत पैशाचा पूर. प्रेमचंद रायचंदसारखे सटोडिये, बॅकबेचा समुद्र भरून जमीन करायची योजना, रोज नवी कंपनी, शेअर घ्यायला झुंबड. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी तेव्हाच्याच.

1865 च्या वसंतात तिकडे युद्ध संपलं, इकडे भाव कोसळले. जुलैत मुंबईचा सट्टा बाजार भुईसपाट. म्हणजे रफिनने जूनमध्ये डोळे मिटले आणि पंधरवड्यात आमचे पांढरे झाले. खेड्यातल्या शेतकऱ्याने चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेलं, सारा वाढलेला. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यामागच्या कारणांत हे पण एक.

ओसरी

आणि तोच कर्जात रुतलेला शेतकरी फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये येतो, 1883. एका लेखकाच्या दोन पुस्तकांत या धाग्याची दोन्ही टोकं.

बाभूळबन

चांदीच्या धावा आमच्या आजीच्या तोंडून ऐकल्या हायेत. ते ऐकून वाटे आपल्या घरी पण असतीन. नंतर कळलं आपल्याकडं तं गाडीच नव्हती.

संपादक

हा धागा 'शेतीवाडी' विभागात आहे. इतिहासात हलवावा का?

पानसुपारी

नको. इतिहासवाल्यांना सामू कळत नाही.

आबोली

धाग्यावर परत येऊया. आमच्या आजोबांनी माडाच्या आळ्यात जुन्या घराचो पाडलेलो चुनो टाकलेलो. आजी ओरडली होती, झाडा मरतली म्हणून. माड अजून हत. पण त्याने फरक पडला की त्या साली पाऊसच चांगला होता, कोण सांगणार? शेजारचा एक माड तसाच ठेवला असता तर कळलं असतं.

मृद्गंध

आबोली, शेवटच्या वाक्याला शंभर गुण. रफिनने नेमकं तेच केलं: एक तुकडा मार्लचा, शेजारी बिनमार्लचा. जांभादगड, तुम्ही पण सगळीकडे एकदम टाकू नका. आणि मात्रा "अंदाजाने" तर नकोच. सामू 5.1 आला म्हणजे आंबट आहे एवढंच समजतं. किती चुना लागेल ते मातीच्या पोतावर आणि सेंद्रिय कर्बावर ठरतं. प्रयोगशाळेला "चुन्याची गरज काढून द्या" असं वेगळं सांगावं लागतं. दापोलीच्या विद्यापीठात विचारा.

जास्त टाकला तर जस्त, लोह, बोरॉन अडकून बसतं. रफिनच्याही हातून काही तुकड्यांवर जास्त मार्ल पडून पीक जळालं होतं, आणि त्याने ते लपवलं नाही, छापलं. मुख्य म्हणजे चुना हे खत नव्हे, हे त्याने वारंवार सांगितलंय. चुना जमिनीला खत पचवायला लावतो. पालापाचोळा, शेणखत, द्विदल पीक नसेल तर नुसत्या चुन्याने दोन वर्षं बरं दिसेल, मग बोंब.

जांभादगड

बरीच उत्तरं मिळाली, आभार. भुईमूगच घ्यायचा आहे. वरकसाचे दोन तुकडे करतो, एक चुन्याचा, एक तसाच. "गडी घरचेच" हे वाक्य वरून काढता येत होतं, पण नाही काढलं. काढलं तर खालची निम्मी उत्तरं कोणाला दिलीत ते कळणार नाही.

एक शंका राहिली. आमच्याकडे खाल्लेल्या तिसऱ्यांच्या (कालवासारख्या समुद्री जिवांच्या) शिंपल्यांचा ढीग पडलाय परसात. तो कुटून टाकला तर चालेल?

मृद्गंध

चालेल, पण बारीक हवा. अख्खी शिंपली शेतात विरघळायला तुमच्या नातवाचा काळ येईल. भुकटी जितकी बारीक तितकं काम लवकर. दुकानातून घ्यायचा तर चुनखडीची भुकटी किंवा डोलोमाइट, भट्टीचा कळीचा चुना घेऊ नका, हात आणि डोळे जाळून घ्याल. पेरणीच्या महिनाभर आधी मातीत मिसळा. शेणखत आणि युरिया त्याच दिवशी नको, नत्र हवेत उडून जाईल.

जांभादगड

कुटायला कोण बसणार, तोच प्रश्न. दोन माणसांना विचारलं. त्यातला एक म्हणाला, शिंपल्या कुटायची मजुरी वेगळी, पसरायची वेगळी, आणि दुपारी जेवणात त्याच तिसऱ्या हव्यात.

आबोली

कबूल कर. आणि सुक्या सांग, रस्सा नको.

रिचमंडकर

दोन्ही तुकड्यांचे फोटो टाका शेंगा काढल्यावर. त्या खर्चाच्या टिपणाशी तुमचा हिशेब ताडून बघायचाय.